मनाचे मोजमाप करण्यापूर्वी

मानसशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी, किंवा शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी लहानसा प्रबंध लिहू पाहणारा शिक्षक, भरून आलेल्या प्रश्नावल्यांचे गाठोडे काखेत घेऊन जेव्हा मार्गदर्शकाच्या दारी येतो आणि 'यांना आता कोणते सूत्र लावू?' असे विचारतो, तेव्हा त्याच्या संशोधनाचा निवाडा बहुधा आधीच होऊन गेलेला असतो. कारण प्रश्न कोणाला विचारले, कोणाची तुलना कोणाशी केली आणि उत्तरे तपासणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक होते, या तीन बाबींत राहून गेलेले वैगुण्य कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही. १९३८ साली कलकत्त्यास भरलेल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून रोनाल्ड फिशर यांनी नेमके हेच बजावले होते की, प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला पाचारण करणे म्हणजे पुष्कळदा त्याच्याकडून केवळ शवपरीक्षा करवून घेणे होय. संख्याशास्त्राचे काम पहिला आकडा हाती येण्यापूर्वीच सुरू होते, एवढी एक गोष्ट नवशिक्या संशोधकाच्या मनावर ठसावी याच हेतूने हा लेख लिहीत आहे. आणि विवेचन हवेत राहू नये म्हणून आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक समजूत मी उदाहरणादाखल घेतो: पहाटे उठून केलेला अभ्यास अधिक लक्षात राहतो.

ही समजूत खरी की खोटी, हे सांगण्याचा माझा मानस नाही. ती तपासण्याजोगी कशी करावी, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आहे त्या स्वरूपात ती तपासता येत नाही. कारण 'पहाट' म्हणजे किती वाजता, 'अभ्यास' म्हणजे कशाचा आणि किती वेळ, 'लक्षात राहणे' म्हणजे किती दिवसांनी आणि कोणत्या खुणेवरून ओळखावयाचे, आणि 'अधिक' म्हणजे कशाहून अधिक, या चारही शब्दांचा अर्थ मुक्रर झालेला नाही. संशोधकाने प्रथम त्यांचा अर्थ कृतीच्या भाषेत लिहून काढावा: पहाटे पाच ते साडेपाच या वेळात अपरिचित अशा वीस संस्कृत शब्दांचे मराठी अर्थ पाठ करणारी मुले, आणि रात्री साडेआठ ते नऊ या वेळात तेच शब्द पाठ करणारी मुले, यांपैकी कोणत्या गटातील मुलांना सात दिवसांनंतर त्यांतील अधिक शब्दांचे अर्थ लिहिता येतात? इतके लिहिल्यावर विधानातील काव्य कमी होते खरे, परंतु ते खोटे ठरण्याची सोय निर्माण होते. आणि जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरू शकत नाही, ते कितीही सुंदर असले तरी शास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद होत नाही.

सात दिवसांनंतरच का, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १८८५ सालच्या ग्रंथात सापडते. या गृहस्थाने हजारो निरर्थक शब्दावयव स्वतःच पाठ केले, ठरावीक अवधीनंतर तेच पुन्हा पाठ करण्यास पहिल्यापेक्षा किती कमी श्रम पडतात ते मोजले, आणि असे दाखविले की पहिल्या पाठांतराच्या श्रमांपैकी वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, सहा दिवसांनंतर २५ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के श्रम वाचतात. विस्मरणाची ही उतरण आरंभी कड्यासारखी आणि पुढे माळासारखी सपाट आहे. आता समजा, एखाद्या उत्साही शिक्षकाने दोन्ही गटांची परीक्षा त्याच सकाळी अकरा वाजता घेतली, तर पहाटेच्या गटाला पाठांतर करून साडेपाच तास झालेले असतील आणि रात्रीच्या गटाला चौदा तास. पहाटेचा गट सरस ठरला, तर ते श्रेय पहाटेला द्यावे की कमी लोटलेल्या अवधीला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सात दिवसांनंतर परीक्षा घेतली असता हाच साडेआठ तासांचा फरक उतरणीच्या सपाट भागात पडतो आणि नगण्य होतो. दोन कारणे एकाच वेळी बदलली म्हणजे त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात, आणि मागाहून कोणत्याही युक्तीने ते निवडता येत नाहीत. प्रयोगाच्या आखणीत जी अक्कल खर्च होते तिचा मोठा भाग अशी मिसळण आधीच ओळखण्यात जातो.

याहूनही बेमालूम मिसळण माणसांच्या निवडीत होते. वर्गात विचारले की 'पहाटे कोण अभ्यास करतो?', तर जी मुले हात वर करतील त्यांच्या घरी बहुधा झोपण्या-उठण्याची शिस्त असेल, कोणीतरी त्यांना जागे करणारे असेल, कदाचित बसावयास स्वतंत्र जागाही असेल. त्यांचे गुण अधिक भरले तर ते पहाटेचे फळ की घराचे, हे ठरविता येत नाही. म्हणून कोणी पहाटे पाठांतर करावे आणि कोणी रात्री, हे मुलांच्या, पालकांच्या किंवा शिक्षकांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चाळीस मुलांची नावे सारख्या आकाराच्या चिठ्ठ्यांवर लिहून, चांगली मिसळून, पहिल्या वीस चिठ्ठ्या पहाटेच्या गटात घालाव्या. या कृतीला यादृच्छिक विभागणी असे भारदस्त नाव आहे. तिच्यामुळे हुशारी, घरची परिस्थिती, आरोग्य, झोप, आणि ज्यांचा आपल्याला संशयसुद्धा आलेला नाही अशी शेकडो कारणे, कोणाचीही शिफारस न चालता दोन्ही गटांत वाटली जातात. जी विषमता तरीही उरते ती केवळ नशिबाची असते, आणि नशिबाचा हिशेब करता येतो. पुढे येणारे सर्व संख्याशास्त्र या एका वाक्यावर उभे आहे.

निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली, एका व्यक्तीचा सखोल अभ्यास या इतर पद्धती त्याज्य आहेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मूल बोलावयास कसे शिकते, शोकाकुल मनुष्य कसा सावरतो, हे चिठ्ठ्या टाकून अभ्यासता येत नाही. मात्र ज्या पद्धतीने पुरावा गोळा केला, तिला झेपेल एवढेच विधान करावे. सर्वेक्षण 'किती' हे सांगते, सहसंबंध 'कशाबरोबर काय' हे सांगतो, आणि 'कशामुळे काय' हे सांगण्याचा अधिकार प्रामुख्याने प्रयोगाला आहे. सर्वेक्षणासंबंधी एकच दाखला देतो. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचे भाकीत करण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. त्यांतील वीस लक्षांहून अधिक भरून परत आल्या, आणि त्यांच्या आधारे लँडन विजयी होतील असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट निवडून आले आणि लँडन यांच्या पदरी अवघी दोन राज्ये पडली. नावे मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतली होती, म्हणजे त्या मंदीच्या काळातील सुस्थित लोकांची. शिवाय ज्यांनी पत्रिका परत धाडण्याची तसदी घेतली ते आणि ज्यांनी घेतली नाही ते, सारख्या मताचे नव्हते. वीस लक्षांचा वाकडा नमुना वीस लक्षांच्या वजनानेच चुकतो. तेव्हा नमुन्याची संख्या विचारण्याआधी तो कोणत्या समष्टीतून आणि कोणत्या वाटेने आला, याची शहानिशा करावी. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या एका वर्गाचा अभ्यास करून 'भारतीय तरुण' हे शब्द शीर्षकात घालणे हा प्रमाद आपल्याकडे फार वेळा घडतो.

मोजण्याच्या साधनाबद्दलही दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. कसोटी विश्वसनीय असावी, म्हणजे तेच मूल आठवड्याने पुन्हा बसले असता गुण फारसे बदलू नयेत. आणि ती सप्रमाण असावी, म्हणजे जे मोजावयाचे म्हटले आहे तेच तिने मोजावे. पहिला गुण असून दुसरा नसणे शक्य आहे: पाच किलो अधिक दाखविणारा तराजू दररोज पाच किलोच अधिक दाखवीत असेल, तर तो विश्वसनीय आहे, पण त्याचे माप खोटे आहे. परभाषेतून आणलेल्या कसोटीच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांची बुद्धिमापनाची श्रेणी पॅरिसमध्ये १९०५ साली सिद्ध झाली. ती आपल्या मुलांना लावण्यासाठी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडास मराठी व कानडी भाषिक मुलांवर नव्याने काम केले, आणि त्याचे फलित १९४० साली इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्या कामाचे मोल भाषांतरात थोडे आणि प्रमाणीकरणात फार आहे: कोणत्या वयाच्या किती मुलांना कोणता प्रश्न सुटतो, हे येथील मुलांकडूनच शोधून काढावे लागते. इंग्रजी प्रश्नावली रात्रीतून मराठीत उतरवून, तिच्या परदेशी कोष्टकावरून आपल्या विद्यार्थ्यांना 'चिंताग्रस्त' ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

आता मी ज्या गोष्टीपाशी वाचकांना थोडे अधिक थांबविणार आहे, ती एका घोड्याची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या, गणित शिकविलेल्या एका वृद्ध गृहस्थापाशी हान्स नावाचा घोडा होता, आणि बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, दिनदर्शिकेतील तारखा अशा प्रश्नांची उत्तरे तो खूर आपटून देत असे. मालक तमाशाचे पैसे घेत नसे, आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती. १९०४ साली कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक समिती बसली. तिच्यात प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता, सर्कशीचा व्यवस्थापक होता, पशुवैद्य होता. आणि सर्वांनी मिळून दाखला दिला की यात कोणतीही लबाडी नाही. तो दाखला खराच होता. पुढे श्टुम्फ यांचा शिष्य ऑस्कर फुंग्स्ट याने पद्धतशीर प्रयोग आरंभिले, आणि त्यांतील निर्णायक युक्ती अतिशय साधी होती: कधी प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असावे, कधी नसावे, कधी तो घोड्याला दिसावा, कधी झापडांमुळे दिसू नये. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असला, की हान्सची विद्या लोप पावे. प्रश्न विचारून झाल्यावर विचारणारा खुरांकडे पाहण्यासाठी नकळत किंचित पुढे झुके, आणि योग्य संख्या होताच त्याची मान नकळत केसभर वर जाई. घोडा तेवढेच पाहून थांबे. १९०७ साली फुंग्स्टने हा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि त्यात सर्वांत विचार करण्याजोगी नोंद ही आहे की, आपल्या मानेची ही हालचाल ओळखल्यावरही ती सर्वस्वी थांबविणे स्वतः फुंग्स्टला जमेना.

मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने या नोंदीवर मनन करावे. प्रामाणिकपणा आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही; सज्जन, विद्वान आणि निःस्वार्थी माणूससुद्धा आपल्या अपेक्षेचा इशारा समोरच्याला देतो, आणि पुन्हा स्वतःच त्या इशाऱ्याचे उत्तर पुरावा म्हणून स्वीकारतो. आपल्या पहाटेच्या प्रयोगात यावर तरतूद करावयाची ती अशी: उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक घालावा, कोणता क्रमांक कोणत्या गटातील याची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद ठेवावी, आणि तपासणाऱ्याला सर्व गुण नोंदवहीत शाईने चढविल्यावरच ती उघडून द्यावी. मुलांनाही 'पहाटेचा अभ्यास चांगला ठरतो का ते पाहू' असे सांगू नये. मात्र त्यांना आणि त्यांच्या पालकांना एवढे अवश्य सांगावे की हा एक अभ्यास आहे, यात भाग घेणे ऐच्छिक आहे, मध्येच सोडण्यास हरकत नाही, आणि कोणाचेही नाव छापले जाणार नाही.

आता आकडे हाती आले असे समजू. पहिले काम म्हणजे ते सर्व एका कागदावर मांडून डोळ्यांनी पाहणे. हे काम वगळून थेट यंत्राकडे धावण्याची सवय हल्ली फार बोकाळली आहे. त्यानंतर सरासरी काढावी, परंतु सरासरीला एकटी कधीही पाठवू नये. एका गटातील पाच मुलांचे गुण ११, १२, १२, १२, १३ आणि दुसऱ्यातील पाचांचे ४, ८, १२, १६, २० असतील, तर दोन्हींची सरासरी १२ भरते, पण हे दोन वर्ग शिकविण्याचा अनुभव सारखा असणार नाही. प्रत्येक गुणाचे सरासरीपासूनचे अंतर घ्यावे, त्याचा वर्ग करावा, वर्गांची बेरीज मुलांच्या संख्येतून एक वजा करून त्या संख्येने भागावी आणि वर्गमूळ काढावे. या रीतीने पहिल्या गटाचे प्रमाण विचलन सुमारे ०.७ येते आणि दुसऱ्याचे सुमारे ६.३. एखाद-दुसरा गुण फारच टोकाचा असेल, तर सरासरीबरोबर मध्यगाही द्यावी.

सहसंबंधाचा गुणांक उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. तो काढणे सोपे आणि त्याचा अर्थ लावणे कठीण आहे. पहिली ते सातवीच्या मुलांच्या चपलांचे माप आणि त्यांचा शब्दसंग्रह यांत भरघोस सहसंबंध सापडेल, कारण दोन्ही वयाबरोबर वाढतात. मोठ्या चपला घातल्याने शब्द येत नाहीत. शिवाय ०.५ हा गुणांक 'निम्मा संबंध' नव्हे. त्याचा वर्ग ०.२५, म्हणजे एका बाबीतील चढउतारांचा केवळ चौथा हिस्सा दुसरीशी जुळणारा आहे.

दोन गटांतील फरक खरा की नशिबाचा, हे ठरविण्याची रीत समजण्यासाठी फिशर यांनी १९३५ साली आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात घेतलेले चहाचे उदाहरण मला सर्वोत्तम वाटते. पेल्यात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून सांगता येते असे एका बाईंचे म्हणणे. आठ पेले करावे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. क्रम यादृच्छिक ठेवावा, आणि बाईंनी दूध आधी घातलेले चार निवडावे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत आणि त्यांतील एकच बिनचूक. म्हणजे चव मुळीच कळत नसताना केवळ नशिबाने सर्व पेले ओळखण्याचा संभव ७० त १, सुमारे १.४ टक्के. चारांपैकी किमान तीन ओळखण्याचा संभव मात्र ७० त १७, जवळजवळ २४ टक्के. तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. पेल्यांच्या जागी मुले घाला. आठच मुले असून पहाटेच्या गटातील चौघेही जर रात्रीच्या चौघांहून सरस ठरले, तर हिशेब तोच. आणि मुले सहाच घेतली, तर तीनांचे २० प्रकार होतात, म्हणजे निकाल कितीही निःसंदिग्ध आला तरी संभव ५ टक्क्यांखाली, म्हणजे निकालाला 'सार्थक' म्हणण्यासाठी रूढ असलेल्या मर्यादेखाली, उतरतच नाही. इतक्या लहान प्रयोगाला बोलण्यास तोंडच नसते. संख्या वाढविण्याचा लाभही मोजूनमापूनच मिळतो: सरासरीतील अनिश्चितता निम्मी करावयाची तर मुलांची संख्या चौपट करावी लागते.

या टक्केवारीविषयी एक गैरसमज विद्वानांतही आढळतो. १.४ टक्के याचा अर्थ 'पहाटेचा काही परिणाम नसण्याची शक्यता १.४ टक्के' असा होत नाही. परिणाम नाहीच असे धरून चालल्यास असा किंवा याहून ठळक निकाल किती वेळा यावा, एवढेच तो आकडा सांगतो. सार्थक म्हणजे महत्त्वाचे, असेही नव्हे. पन्नास हजार मुले घेतली तर अर्ध्या शब्दाचा फरकसुद्धा सार्थक ठरेल. म्हणून फरकाला प्रमाण विचलनाने भागून त्याचा आकारही सांगावा: फरक दोन शब्दांचा आणि विचलन पाच शब्दांचे असेल, तर परिणाम ०.४ इतका.

तुलनेचा गट नसेल तर केवढा भ्रम होतो याचे एक उदाहरण शिक्षकांसाठी मुद्दाम देतो. घटक चाचणीत सर्वांत कमी गुण पडलेली दहा मुले निवडून त्यांचा जादा वर्ग घेतला, आणि पुढच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले, तर जादा वर्गाचा गुण आला असे कोणालाही वाटेल. परंतु त्या दहांत काही मुले त्या दिवशी आजारी, घाबरलेली किंवा केवळ दुर्दैवी असणारच, आणि वर्ग न घेताही त्यांचे गुण सरासरीकडे सरकणारच होते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईबाप व मुले यांच्या उंचीच्या मापांवरून १८८६ साली हा नियम मांडला. डॅनियल काहनेमन इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना प्रोत्साहनाचे महत्त्व शिकवीत असता, 'शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते, खडसावले की सुधारते' असा अनुभव एका प्रशिक्षकाने सांगितला, आणि काहनेमन यांना त्यात हाच नियम दिसला. छडीवरची श्रद्धा आपल्या शाळांतून इतकी वर्षे का टिकली, याचे एक कारण मला येथे सापडते, आणि ते फार दुःखद आहे.

शेवटी एक विनंती आहे. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रातील शंभर प्रकाशित अभ्यास अनेक देशांतील संशोधकांनी पुन्हा करून पाहिले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थक होता. पुनरावृत्तींत तो ३६ टक्क्यांतच तसा आला, आणि परिणामांचा आकार सरासरीने निम्म्यावर उतरला. यात लबाडी शोधण्याची गरज नाही. अनेक मापांपैकी जमलेले तेवढे सांगणे, मनासारखा आकडा येताच थांबणे, आणि 'फरक आढळला नाही' असे निकाल कपाटात ठेवून देणे, या तीन सवयी एवढी पडझड घडविण्यास पुरेशा आहेत. त्यांवर उपाय स्वस्त आहे. पहिल्या मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी, काय तपासणार, कोणते माप वापरणार, किती मुले घेणार आणि कोणता हिशेब करणार, हे एका कागदावर लिहून त्यावर तारीख घालावी आणि एका सहकाऱ्याची सही घ्यावी. पहाटेचा हा प्रयोग करण्यास चाळीस मुले, वीस शब्द, दोन सत्रे आणि एक आठवडा एवढेच लागते. वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी तो आपल्या शाळेत अवश्य करावा, आणि दोन्ही गट बरोबरीचे निघाले तरी तो निकाल सर्व तपशिलासह प्रसिद्ध करावा.